शेंदूर आणि कल्हई : लोखंडावरच्या रंगाची गोष्ट



गणेशोत्सव समितीच्या गेल्या बैठकीत मखराच्या लोखंडी सांगाड्यावर पाऊण तास खल झाला. एक पक्ष म्हणाला, "दोन डबे रंग आणा, दोन शनिवार हात चालवू, झालं काम." दुसरा म्हणाला, "पावडर कोटिंग करून टाका, पुढं बरीच वर्षं बघायला नको." मग कोणीतरी खर्च विचारला आणि नेहमीप्रमाणे चहा आला. उठता उठता अध्यक्ष आम्हाला म्हणाले, "तुम्ही केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलीय ना? मग पत्रिकेत तुम्हीच लिहा." म्हणून हा लेख. दोन्ही पर्याय आले कुठून हे कळले की निवड सोपी होते, म्हणून आधी थोडा इतिहास आणि मग आपल्या मखराचा विचार.

त्याआधी मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. हा सांगाडा आपल्या संस्थापक मंडळींनी १९८१ साली एका सभासदाच्या गराजमध्ये वेल्डिंग करून बनवला. त्यावर नारिंगी रंगाचे किती हात बसले याची मोजदाद नाही. तीन वर्षांपूर्वी त्या रंगाचे पोपडे निघू लागले, तेव्हा आम्ही तो आमच्या बेसमेंटमध्ये आणला आणि एका रविवारी चारपाच जणांनी पॉलिश पेपरने कोरडाच घासला. मुले तिथेच खेळत होती. आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची, म्हणजे खाली पडलेले काहीही उचलून तोंडात घालायच्या वयाची. रात्री केर काढताना सुपलीतली नारिंगी भुकटी पाहिली आणि जे सकाळीच सुचायला हवे होते ते तेव्हा सुचले. इतका जुना, इतका पक्का नारिंगी रंग, आणि डबा कोणीतरी कामावरून उरलेला आणलेला! दुसऱ्या दिवशी एक पोपडा तपासायला पाठवला. उत्तर आले : शिसे.

त्या दिवशी जी मुले होती त्यांच्या घरी आम्ही फोन केले. ते फोन करणे सोपे नव्हते. सगळ्या मुलांच्या रक्ताची तपासणी झाली. सर्वांचे आकडे, आमच्या मुलीचाही, सीडीसीने २०२१ साली ठरवलेल्या ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या पातळीच्या खाली निघाले. पण अहवाल येईपर्यंतचे तीन दिवस कसे गेले ते आम्हाला ठाऊक. रसायनांच्या बाटल्यांवरची लेबले वाचणे हा ज्यांचा धंदा, त्यांच्याच घरात हे घडले. सांगाडा तेव्हापासून ओल्या फडक्याने पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे, आणि बाप्पा पुठ्ठ्याच्या मखरात बसतात. म्हणून रंगाचा प्रश्न आमच्या दृष्टीने नुसता रंगाचा राहिलेला नाही.

शेंदराचे घराणे

लोखंड खाणीत सापडते ते ऑक्सिजनशी जोडलेले. भट्टीत कोळसा जाळून आपण ते वेगळे काढतो. ओल आणि हवा मिळाली की ते पुन्हा माहेरी जायला निघते. यालाच आपण गंज म्हणतो. ही वाट अडवायचा एक जुना उपाय म्हणजे तेलात कालवलेला रंग.

मारुतीच्या मूर्तीवर आपण पिढ्यान् पिढ्या जो शेंदूर तेलात कालवून चढवतो, तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. वर्षानुवर्षे चढवत गेले की त्याचे जाड कवच होते. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढण्यात आले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. युरोप-अमेरिकेतल्या इंजिनियरांनी हाच पदार्थ जवसाच्या तेलात कालवला आणि पुलांना, जहाजांना, पाण्याच्या टाक्यांना फासला. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. शिवाय तेलातल्या आम्लांशी शेंदराचा संयोग होऊन शिशाचे साबण तयार होतात आणि ते गंजाला रोखतात. म्हणजे शेंदूर दिसायला रंग, पण काम औषधाचे. आणि औषध म्हटले की विषाचीही शंका आलीच.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपण सगळ्यांनी फोटो काढून घरी पाठवले आहे : सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल. १९३७ साली तो खुला झाला तेव्हा पोलादावर खाली शेंदराचा थर होता आणि वरच्या रंगातही शिसे होते. पुलाचा तो नारिंगी रंगसुद्धा शेंदरावरूनच सुचला. शेंदराचा हात दिलेले पोलाद पाहून वास्तुकार अर्विंग मॉरो यांना ती छटा आवडली. पुढची २७ वर्षे जिथे लागेल तिथे डागडुजी करून भागले. मग गंज वाढला, म्हणून १९६५ पासून मूळचा रंग काढून त्याजागी जस्ताचा प्रायमर आणि नवा रंग द्यायचे काम सुरू झाले. ते संपायला १९९५ उजाडले. लावायला सोपा असलेला रंग काढायला तीस वर्षे लागली!

जाता जाता एक खुलासा. आपल्याकडे खिडक्यांच्या ग्रिलला दिवाळीआधी मारतात ते रेड ऑक्साइड म्हणजे शेंदूर नव्हे. ते लोहाचे ऑक्साइड, गेरूच्या नात्यातले. दोन्ही तांबूस दिसतात म्हणून एक समजू नयेत.

आपल्या गावच्या भट्ट्या

आता आपल्या डेट्रॉईटकडे येऊ, कारण या गोष्टीचा मधला भाग इथेच घडला. मोटारी घोडागाडीसारख्या ब्रशने रंगवल्या जात तेव्हा रंगाचे एकावर एक हात वाळायला कित्येक आठवडे लागत. हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली फोर्डची सरकती जुळणी सुरू झाली. मोटार तासांत तयार आणि रंग आठवड्यांत, हे जमणार कसे? फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, हे सगळ्यांना माहीत असते. त्यामागे स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत भाजता येणारे डांबरी जातीचे काळे एनॅमल होते. मडगार्डसारखे निव्वळ लोखंडी भाग त्यात बुडवून भट्टीत भाजत. पण गाडीच्या बॉडीत लाकडी चौकट असे, तिला तेवढी आच सोसत नसे. हॅमट्रॅमकच्या डॉज बंधूंनी १९१४ साली एडवर्ड बड यांच्याकडून संपूर्ण पोलादी बॉडी घेतली आणि ती बॉडी अख्खी भट्टीत घालता आली. वस्तू भट्टीत जाते का, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही. आपल्या मखरापाशीही तो येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, तिची प्रसिद्धी कमी पण महत्त्व जास्त. थॉमस कॉस्लेट या इंग्रजाने १९०६ साली लोखंड फॉस्फेटच्या द्रावणात बुडवून त्यावर पातळ, खरबरीत थर आणायच्या रीतीचे पेटंट घेतले. ती रीत इथे आली आणि १९१५ साली स्थापन झालेल्या पार्कर रस्ट-प्रूफ कंपनीने डेट्रॉईटमधून तिचा प्रसार केला. त्या थराला स्वतःचा रंग नाही, चमक नाही. पण वरचा रंग त्याला घट्ट धरून बसतो आणि कुठे ओरखडा गेला तरी गंज खालून पसरत नाही. आजही फ्रीज असो की मोटार, रंगाच्या खाली बहुधा याच कुळातली काहीतरी प्रक्रिया असते.

१९२३ साली ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला. तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या भाऊबंदांपैकी. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. पण हे जमले कशामुळे? थिनरमुळे. घन पदार्थ भरपूर द्रावकात विरघळवायचा, फवारायचा, आणि द्रावक हवेत उडवून द्यायचा. उडून गेलेले थिनर कुठे जाते हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही.

तो विचारला एका डच रसायनशास्त्रज्ञाने. एरी हागेन-स्मिट हे कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेने लोकांचे डोळे चुरचुरत होते, म्हणून त्यांनी आपली उपकरणे त्या हवेकडे वळवली. १९५० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या वाफा ऊन लागले की हवेतच एकमेकांशी शिजतात आणि ओझोन तयार होतो. पुढे १९६६ साली लॉस एंजेलिस परगण्याने 'नियम ६६' करून कारखान्यांतल्या अशा द्रावकांवर बंधन घातले. १९७० साली देशभर स्वच्छ हवेचा कायदा आला आणि १९७३ च्या तेलटंचाईने थिनर महागही झाले. थिनरशिवाय रंग देता येईल का, या प्रश्नाला आता पैशाचे वजन आले.

कल्हईचे घराणे

उत्तर तोवर जर्मनीत तयार होते. पण ते समजायला जर्मनीत जायची गरज नाही. आठवा आपल्या आळीतला कल्हईवाला. भाता, निखारे, चिमट्यात धरलेले तांब्याचे पातेले. आधी भांडे घासून लख्ख करायचा, मग तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा. नवसागर तांब्यावरचा काळपट थर काढून टाकतो. मग कथलाची कांडी टेकवायची, ती वितळायची आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात भांडेभर चांदी पसरायची. यात थिनर नाही, वाळायची वाट पाहणे नाही. घन पदार्थ, आच, आणि गार झाले की काम पूर्ण.

एर्विन गेमर यांनी जवळपास हेच लोखंडावर प्लॅस्टिकने केले. त्यांनी बारीक प्लॅस्टिक पावडर एका हौदात भरली आणि सच्छिद्र तळातून हवा सोडली. तशी पावडर पाण्यासारखी हलू लागते. त्यात तापवलेली वस्तू बुडवली की पावडर तिच्यावर वितळून बसते. १९५३ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५५ साली पेटंट मिळाले. हा थर मात्र जाड व्हायचा. पाइपांना आणि विजेच्या सामानाला तो ठीक, फ्रीजच्या दाराला नाही.

पातळ थर जमला १९६० नंतरच्या काही वर्षांत, विजेच्या मदतीने. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, तसाच प्रकार. बंदुकीतून उडणाऱ्या पावडरीला हजारो व्होल्टचा विद्युतभार देतात आणि वस्तू जमिनीशी तारेने जोडतात. पावडर आपणहून वस्तूला जाऊन चिकटते. मग १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटे. तिथे ती वितळते, पसरते आणि तिचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. गेमर यांची सुरुवातीची प्लॅस्टिके मेणासारखी होती, पुन्हा तापवली की पुन्हा मऊ. हल्लीची पावडर भाकरीसारखी आहे. एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही.

डावे-उजवे

आता तुलना. पावडरीत थिनर नाही, म्हणून उडून काही जात नाही. नेम चुकून खाली पडलेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते. फवारलेला ओला रंग असा परत मिळत नाही. पावडरीचा एकच थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा जाड, भरतो. रंगाला त्यासाठी दोनतीन हात द्यावे लागतात. ठोकर, घासाघीस पावडर जास्त सोसते.

पण पावडरीच्या अडचणीही आहेत. निळी आणि पिवळी रांगोळी एकत्र केली तर लांबून हिरवी वाटते, जवळून ठिपके दिसतात. पावडरीचे तसेच आहे. हवी ती छटा दुकानात उभ्या उभ्या मिसळून मिळत नाही, कारखान्यातूनच तयार यावी लागते. आतल्या कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोचत नाही, म्हणून जाळीच्या सांध्यांत थर विरळ राहतो. पोकळ पाइपाच्या आत ती जातच नाही. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढरी पडते, म्हणून बाहेरच्या वस्तूंना पॉलिएस्टर लागते. पृष्ठभाग कधी संत्र्याच्या सालीसारखा येतो. आणि खरचटले तर घरी डागडुजी करता येते ती शेवटी ब्रशने, रंगानेच.

रंगाचा मोठेपणा असा की तो वस्तूकडे जातो. गोल्डन गेट पूल कोणत्या भट्टीत घालणार? लाकूड, रबर, जुळवून झालेले यंत्र, यांना आच चालत नाही. शिवाय रंगही तिथेच थांबलेला नाही. पाण्यातले रंग आले, कमी थिनरचे आले. मोटारींचा पहिला थर आता पाण्याच्या हौदात विजेच्या जोरावर बसतो, आणि ती रीत १९६० च्या दशकात फोर्डमध्येच जॉर्ज ब्रूअर यांनी पुढे आणली. घरगुती रंगातले शिसे या देशात १९७८ साली ०.०६ टक्क्यांवर आणि २००९ साली ०.००९ टक्क्यांवर आणले गेले. भारतात तीच ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ पासून लागू झाली. कारखान्यांत वापरायच्या रंगांना मात्र १९७८ ची बंदी लागू नव्हती. आपल्या सांगाड्यावरचा डबा त्या फटीतून आला असणार.

दोन्ही घराण्यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट सारखी दिसते. टिकते ते वरच्या थरामुळे कमी आणि खालच्या तयारीमुळे जास्त. कल्हईवाल्याचा निम्मा वेळ भांडे घासण्यात जायचा. पार्करचा फॉस्फेट कोणाला दिसत नाही. गंजावर पावडर मारली तरी गंज थांबत नाही, आणि स्वच्छ लोखंडावरचा साधा रंगही वर्षानुवर्षे राहतो. भाव विचारताना "कोणता रंग?" हे दुसऱ्यांदा विचारावे. आधी विचारावे, "खाली काय करणार?"

मग आपल्या मखराचे काय?

पावडरवाल्याने सांगितलेली रक्कम रंगाच्या डब्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे, हे खरे. पण ही तुलनाच चुकीची आहे. डब्यांच्या किमतीत जुना रंग काढणे धरलेले नाही. ते काम फुकटात होईल असे आपण धरून चालतो, कारण सभासद हौसेने येतात आणि मुलांनाही आणतात. ते "फुकट" आम्ही एकदा करून पाहिले आहे. शिसे असलेला रंग कोरडा घासणे हे सभासदांचे काम नव्हे, कोणत्याही शनिवारी नव्हे. जुन्यावरच नवा हात मारावा तर आपला सांगाडा दरवर्षी जुळतो आणि सुटतो, पाइपवर पाइप आपटतो. वरचा थर उडणार आणि खालचा पुन्हा उघडा पडणार.

म्हणून आमचे मत असे. सांगाड्याचा सर्वांत लांब पाइप सात फुटांचा आहे, तो भट्टीत सहज जातो. टोकांची प्लॅस्टिकची बुचे आपण आधी काढावीत. कारखान्याला शिशाचा अहवाल दाखवून, लेखी कळवून, जुना रंग त्यांच्याकडून बंदिस्त जागेत काढून घ्यावा. एका ठिकाणी अहवाल पाहून नकार मिळाला. दुसऱ्यांकडे तशी सोय आहे आणि ते तयार आहेत. मग फॉस्फेट आणि त्यावर पॉलिएस्टर पावडर. छटा तीच शेंदरी ठेवावी, शिशाशिवाय. जाळीच्या आतल्या कोपऱ्यांकडे लक्ष द्यायला आम्ही स्वतः जाऊन सांगू. लाकडी कमान मात्र भट्टीत जाणार नाही. तिच्यावरचा जुना रंगही आधी तपासून घेऊ, आणि तपासणीत काही निघाले नाही तर ती ब्रशनेच रंगवू. त्या दिवशी मुलांनी जरूर यावे. त्यांना पाण्यातला रंग आणि मोठे ब्रश मिळतील.

हा खर्च गणेशोत्सवाच्या वर्गणीतून करायचा की वेगळी वर्गणी काढायची, हे सर्वसाधारण सभेत ठरेल. विरोधात मत असेल त्यांनीही यावे. सभेत आम्ही तपासणीचा अहवाल सोबत आणणार आहोत.

शेवटी एक विनंती, ती मखराबद्दल नाही. आपल्यातल्या ज्या कुटुंबांनी १९७८ च्या आधीची घरे घेतली आहेत, त्यांनी जिन्याचे कठडे, पोर्चची रेलिंग, जुने रेडिएटर, खिडक्यांच्या चौकटी कोरड्या घासू नयेत. आधी तपासून घ्यावे. घरात लहान मूल असेल तर डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीबद्दल विचारावे. तपासणीला एक थेंब पुरतो. आणि देवघरातल्या शेंदराची पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. शेंदूर देवाला शोभतो, मुलांच्या तोंडात जाता कामा नये.

आपला नवा सांगाडा आला की जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवायचा आहे. ज्यांच्याकडे फाटक्या सुती साड्या असतील त्यांनी सभेला येताना आणाव्यात. गणपती बाप्पा मोरया.